थंड पाण्यातले मासे आणि त्यांचं हिमोग्लोबिन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या शाळांतून मी अधूनमधून ‘पांढऱ्या रक्ताचा मासा’ या विषयावर बोलतो. बोलणं संपतं, चहा होतो, सगळे घरी जातात आणि रात्री फोनवर प्रश्न यायला लागतात. बरेचसे तेच ते असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. पीयूसीच्या (म्हणजे अकरावी-बारावीच्या) पोरांचे, डॉक्टरांचे, शेततळ्यात मासे सोडणाऱ्यांचे आणि मासळी बाजारातल्या एका मावशींचे प्रश्न यात आहेत. भाषा शक्यतो विचारणाऱ्याचीच ठेवली आहे.

१. माशाचं हिमोग्लोबिन आणि आपलं हिमोग्लोबिन एकच का?

घडण एकच. प्रथिनाच्या चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. प्रत्येक साखळीच्या खोबणीत ‘हीम’ नावाचा एक तुकडा आणि त्याच्या मधोमध लोहाचा एक अणू. ऑक्सिजन त्या लोहाला धरतो, फुप्फुसात किंवा कल्ल्यात चढतो आणि स्नायूंत उतरतो.

फरक दोन आहेत. माशाच्या तांबड्या पेशीत केंद्रक शिल्लक असतं, आपल्या पेशीत नसतं. दुसरा फरक जास्त कामाचा आहे. मोठ्या माणसाच्या रक्तात जवळजवळ सगळं हिमोग्लोबिन एकाच प्रकारचं असतं, तर बऱ्याच माशांत एकाच वेळी तीन-चार प्रकार नांदतात. ते कशाला, हे प्रश्न ९ मध्ये आहे.

२. हिमोग्लोबिनच नसलेला मासा खरंच आहे, की ही व्हॉट्सअ‍ॅपवरची थाप?

आहे की. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात ‘आइसफिश’ म्हणून एक कूळ आहे, साधारण सोळा जातींचं. सुसरीसारखं लांब तोंड, अंगावर खवले नाहीत आणि रक्त पाण्यासारखं, जरा पिवळट झाक असलेलं. वाढ झालेल्या सगळ्या पृष्ठवंशी प्राण्यांत, म्हणजे मासे, बेडूक, साप, पक्षी, आपण, या सगळ्यांत हिमोग्लोबिनशिवाय जगणारं हे एवढंच कूळ.

डिटलेफ रुस्टाड या नॉर्वेच्या प्राणिशास्त्रज्ञाला १९२७ मध्ये बुव्हे बेटाजवळ असा एक मासा सापडला आणि रक्ताला रंग नाही हे त्यानं टिपून ठेवलं. त्यानंतर दोनेक वर्षांनी योहान रूड हा तरुण विद्यार्थी देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर होता. तिथल्या एका कामगारानं त्याला ‘बिनरक्ताचा मासा’ असतो म्हणून सांगितलं. असलं काही नसतं, असं रूड त्याला म्हणाला. पुढं प्राध्यापक झाल्यावर तोच रूड साउथ जॉर्जिया बेटावर गेला, ताज्या माशाचं रक्त काढून तपासलं आणि १९५४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापलं : तांबड्या पेशी नाहीत, रंगद्रव्य नाही. मला यातला तो कामगार आवडतो. रोज मासा चिरणाऱ्याला जे दिसतं ते शिकलेल्याला पंचवीस वर्षांनी पटतं.

३. मग तो जगतो कसा? ऑक्सिजन कोण नेतं?

रक्तातलं पाणी. ऑक्सिजन कुठल्याही पाण्यात थोडा विरघळतोच, आणि पाणी जितकं गार तितका जास्त. गोड्या पाण्यात ० अंशाला लिटरमागे साधारण १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला जेमतेम साडेसात. उन्हाळ्यात पहाटे शेततळ्यावर जाऊन बघा, रोहू-कटला वर येऊन तोंड उघडझाप करत असतात. माझ्या मामाच्या तळ्यात एका मे महिन्यात मी हे पहिल्यांदा पाहिलं. मामा म्हणाले, “भूक लागलीय त्यांना.” भूक नव्हती, श्वास पुरत नव्हता. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी, आणि रात्रभरात शेवाळानं, माशांनी होता तोही संपवलेला. आइसफिशची गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे. त्याचं पाणी वर्षभर शून्याच्या आसपास, कधी उणे १.९ अंशापर्यंत. खळाळतं, ऑक्सिजननं भरलेलं. शिवाय थंडीत शरीराची चूलच मंद जळते, मागणी कमी.

तरीही त्याचं रक्त नेऊ शकतं तो ऑक्सिजन, त्याच समुद्रातल्या तांबड्या रक्ताच्या भाऊबंदांच्या मानानं एक दशांशाहून कमी. ही तूट भरायला शरीरात मोठी उलथापालथ झाली. हृदय वजनाच्या हिशेबानं कितीतरी मोठं. रक्ताचं प्रमाण दुपटीपासून चौपटीपर्यंत. दर मिनिटाला हृदय ढकलतं ते रक्त चार-पाच पट. केशवाहिन्या रुंद, म्हणजे एवढं रक्त कमी दाबानं वाहू शकेल.

टँकर बंद झाल्यावर गल्लीतले लोक घागरी घेऊन विहिरीवर रांग लावतात, तसं हे आहे. पाणी येतं. पण दिवस त्यातच जातो. स्वस्थ पडून असतानासुद्धा आइसफिशच्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा एकटं हृदय खातं, असा अंदाज आहे.

४. सर, माझं एचबी सात आलंय आणि डॉक्टर रक्त चढवू म्हणताहेत. मासा शून्यावर जगतो तर मी का नाही?

आधी डॉक्टरांचं ऐका, मग हे वाचा.

आपल्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. त्यातला नुसता विरघळलेला ०.३ मिलिलिटर, बाकी सगळा हिमोग्लोबिननं धरलेला. आपलं अंग ३७ अंशाला तापलेलं, त्यामुळे विरघळतो कमी आणि लागतो जास्त. माशाची सगळी सोय प्रश्न ३ मधल्या गार पाण्यावर आणि मोठ्या हृदयावर उभी आहे. तुमच्याकडं दोन्ही नाही.

५. थंडीत हिमोग्लोबिनला नेमका काय त्रास होतो? ते गोठतं का?

गोठत नाही, चिकट होतं. म्हणजे ऑक्सिजनला नको तितकं घट्ट धरून बसतं. ऑक्सिजन धरताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे तापमान उतरलं की पकड घट्ट होते आणि चढलं की ढिली. कल्ल्यात माल भरपूर चढतो, पण स्नायूत उतरवायच्या वेळी हमाल पोतं सोडायला तयार नाही, असा प्रकार.

म्हणून थंड पाण्यात राहिलेल्या माशांच्या हिमोग्लोबिनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बारीक बदल टिकत गेले. अंटार्क्टिकातल्या तांबड्या रक्ताच्या बऱ्याच माशांत पकड मुळातच सैल असते. काही माशांत तापमानाचा परिणामच कमी झालेला दिसतो. हाच डाव मॅमथनं, म्हणजे हत्तीच्या नामशेष झालेल्या केसाळ भाऊबंदानंही खेळला होता. २०१० मध्ये संशोधकांनी मॅमथच्या जुन्या डीएनएवरून त्याचं हिमोग्लोबिन प्रयोगशाळेत तयार करून पाहिलं. हत्तीच्या मानानं थोडीच अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले मणी, बदललेली होती, पण गारठ्यातल्या पायांतही ऑक्सिजन सुटेल अशी.

दुसरा त्रास रक्त घट्ट होण्याचा. गार तेल ओतून बघा, तसंच. तांबड्या पेशी जितक्या जास्त तितकं रक्त ढकलणं जड. त्यामुळे अंटार्क्टिकातल्या तांबड्या रक्ताच्या माशांतही पेशींचं प्रमाण उबदार समुद्रातल्या माशांपेक्षा कमीच आढळतं.

६. आइसफिशचं हिमोग्लोबिनचं जनुक गेलं कुठं? पुसलं गेलं का?

बीटा साखळीचं जनुक पुरतं गेलं. अल्फाचा मोडका तुकडा राहिला, त्यावरून काही तयार होत नाही. पडक्या वाड्याची एकच भिंत उभी असावी तसा. सोळापैकी पंधरा जातींत चित्र साधारण असंच आहे.

सोळावी जात, निओपॅजेटॉप्सिस आयोना, वेगळी निघाली. तिच्यात अल्फाचं जनुक जवळजवळ अख्खं आहे, बाजूला बीटाचे दोन बिघडलेले अवशेषही आहेत, पण सगळं निकामी. म्हणजे घर एका फटक्यात पडलं नाही, पडझडीची मधली एक पायरी या जातीत अजून दिसते.

७. मग हिमोग्लोबिन जाण्यात फायदा होता म्हणूनच ते गेलं ना? उत्क्रांती म्हणजे सुधारणाच की.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि माझा सगळ्यात जास्त वाद यावरच होतो.

फायद्याच्या बाजूनं सांगतात ते असं : रक्त पातळ झालं, ढकलायला सोपं झालं. शरीराला लोह कमी लागलं. ऐकायला बरं वाटतं. पण हिशेब मांडा. पातळ रक्तानं जी बचत झाली तिच्यापेक्षा कितीतरी जास्त खर्च चार-पाच पट रक्त फिरवण्यात होतोय. त्याच समुद्रात तांबड्या रक्ताचे भाऊबंद मजेत आहेत. थंडीला हिमोग्लोबिन नकोच असतं तर त्यांचंही गेलं असतं.

मला पटणारी बाजू अशी. सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर बर्फ साठायला लागलं. भोवती चक्राकार प्रवाह तयार होऊन तिथलं पाणी बाकीच्या समुद्रांपासून तुटलं. आधीचे बहुतेक मासे तिथून संपले. जे उरले त्यांना रान मोकळं, शत्रू थोडे, पाणी ऑक्सिजननं भरलेलं. अशा ठिकाणी जनुक मोडण्याचा अपघात झाला. आपल्या कृष्णेत किंवा घटप्रभेत झाला असता तर ते पिल्लू दुसऱ्या दिवशी मेलं असतं. तिथं मेलं नाही, एवढंच. प्रयोगही हेच सुचवतात. अंटार्क्टिकातल्या तांबड्या रक्ताच्या माशांचं हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडनं निकामी केलं तरी स्वस्थ असलेले मासे जगले.

आता यातली खरी गंमत. रक्तवाहिन्या रुंद करणारा नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू शरीर स्वतः तयार करतं, आणि हिमोग्लोबिन तो एकसारखा पुसून टाकत असतं. हिमोग्लोबिनच नाही म्हटल्यावर हा वायू साठतो. वाहिन्या रुंदावतात, नव्या फुटतात, हृदय वाढतं. म्हणजे मोडण्यानंच दुरुस्तीची पहिली वीट रचली असावी, असं काही संशोधकांचं म्हणणं आहे. अजून त्यावर चर्चा चालू आहे, पण मला ते सुंदर वाटतं.

टँकर बंद पडला आणि लोक घागरीवर भागवू लागले, म्हणून टँकर निरुपयोगी होता असं आपण म्हणू का?

८. उणे तापमानात त्याचं रक्त गोठत कसं नाही? हिमोग्लोबिन नसल्यामुळेच ना?

नाही. ह्या दोन गोष्टींची नेहमी खिचडी होते. साध्या समुद्री माशाचं रक्त उणे ०.७-०.८ अंशाच्या आसपास गोठायला लागतं, समुद्र मात्र उणे १.९ पर्यंत द्रवच राहतो. अंटार्क्टिकातल्या माशांच्या रक्तात गोठणरोधक साखर-प्रथिनं असतात. ती बर्फाच्या बारीक स्फटिकाला चिकटून त्याची वाढ थांबवतात. आर्थर डेव्हरिस यांनी १९६० च्या दशकात हे शोधलं. हे प्रथिन पचनाच्या ट्रिप्सिनोजेनच्या जनुकातून उपजलं, हे १९९७ मध्ये दाखवलं गेलं. तांबड्या रक्ताच्या भाऊबंदांतही ते असतंच. हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध नाही.

९. म्हणजे सगळ्या थंड पाण्यातल्या माशांचं हिमोग्लोबिन कमीच होत गेलं का?

अजिबात नाही. प्रत्येकानं आपापली वाट काढली.

ट्राउट घ्या. इंग्रजांनी काश्मीर आणि निलगिरीत आणून सोडलेला हा मासा गार, वाहत्या ओढ्यातला. त्याच्याकडं अनेक प्रकारचं हिमोग्लोबिन आहे. त्यातल्या एका प्रकारावर रक्ताच्या आंबटपणाचा जवळजवळ परिणामच होत नाही. दुसरा प्रकार मात्र रक्त जरा आंबट झालं की ऑक्सिजन पटकन टाकून देतो, कितीही ऑक्सिजन असला तरी पूर्ण भरत नाही. याला रूट इफेक्ट म्हणतात. १९३१ मध्ये रूट नावाच्या संशोधकानं तो दाखवला, झाडाच्या मुळाशी काही संबंध नाही. मासा जोरात पळतो तेव्हा स्नायूंतलं आम्ल रक्तात येतं, तेव्हा पहिला प्रकार पाठीशी उभा राहतो. दुसऱ्याचा उपयोग डोळ्याच्या पडद्याला आणि पोटातल्या हवेच्या पिशवीला ऑक्सिजन दाबून भरायला.

उत्तर अटलांटिकातल्या कॉड माशात आणखी वेगळं. त्याच्या हिमोग्लोबिनचे दोन वाण आहेत. एक दक्षिणेकडच्या उबदार पाण्यात जास्त, दुसरा नॉर्वेच्या उत्तरेकडं जास्त. १९६१ मध्येच हे लक्षात आलं होतं. पुढं कळलं की बीटा साखळीत ५५ आणि ६२ क्रमांकाची फक्त दोन अमिनो आम्लं बदललेली आहेत. एक वाण थंडीसाठी, एक उबेसाठी, इतकं सरळ उत्तर पुस्तकात छान दिसतं. नंतरच्या मोजमापांत मात्र दोन वाणांतला फरक इतका स्वच्छ दिसला नाही, म्हणून मी ते ठासून सांगत नाही.

अंटार्क्टिकातल्या तांबड्या रक्ताच्या बहुतेक माशांत एकच मुख्य प्रकार उरलाय, कारण पाण्याचं तापमान वर्षभर हलतच नाही. दहा ऋतूंचे कपडे कशाला ठेवायचे? पण तिथंही अपवाद आहे. अंटार्क्टिक सिल्व्हरफिश तळाशी न बसता वरच्या पाण्यात फिरतो आणि त्याच्याकडं तीन प्रकार आहेत.

१०. बोंबीलसुद्धा पांढरा, पारदर्शकच असतो. त्याचंही रक्त पांढरं का?

नाही. बोंबलाचं मांस पांढरं आणि पाणीदार, रक्त तांबडंच. ओला बोंबील मिळाला की कल्ला उचलून बघा. आइसफिशचा कल्ला उचलला तर आत सायीसारखा पांढरट रंग दिसतो. मांसाचा रंग आणि रक्ताचा रंग वेगवेगळ्या गोष्टी. पुढचं प्रश्न ११ मध्ये.

११. मायोग्लोबिन आणि हिमोग्लोबिन यात काय फरक? तेही आइसफिशमध्ये नाही म्हणतात.

मायोग्लोबिन म्हणजे स्नायूत बसून राहणारा एकसाखळी भाऊ. रक्तानं आणलेला ऑक्सिजन तो स्नायूच्या आत साठवतो, पुढं सरकवतो. घरी बांगडा चिरताना सालीखाली अंगाच्या मधोमध जो गडद, काळपट पट्टा दिसतो, तो मायोग्लोबिनचा. बांगडा दिवसभर पोहतो, त्याला तो लागतो. चवीला जरा उग्र म्हणून काही घरांत काढून टाकतात, आमच्याकडं नाही.

आइसफिशच्या अंगाच्या स्नायूंत मायोग्लोबिन नाही. हृदयात मात्र सोळापैकी दहा जातींत आहे, सहांत नाही. असेल तर हृदय गुलाबीसर, नसेल तर फिकट पिवळं. त्या सहा जातींनी ते एकाच वेळी गमावलेलं नाही, निदान चार वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या बिघाडांनी गेलंय. एकाच गल्लीतले चार दिवे चार कारणांनी गेले, तसं. प्रश्न ७ मधल्या माझ्या म्हणण्याला यानं बळ मिळतं, असं मला वाटतं.

१२. आमच्या तळ्यातला मरळ थंड पाण्यात ठेवत गेलो तर त्याचंही हिमोग्लोबिन जाईल का?

नाही. मरेल तो बिचारा.

एका माशाच्या आयुष्यात तांबड्या पेशी कमी-जास्त होऊ शकतात, ऋतूप्रमाणे होतातही. पण जनुक तेच राहतं आणि पिल्लांना तेच मिळतं. उत्क्रांतीला पिढ्या लागतात, आणि त्या पिढ्यांत मरणारे आणि वाचणारे लागतात. मरळाला तर हवा घ्यायला वर यायची सवय, त्याच्या पूर्वजांपुढची अडचण गार पाण्याची नव्हतीच, गढूळ आणि ऑक्सिजन नसलेल्या पाण्याची होती.

१३. घरातल्या टाकीतला गोल्डफिश फ्रीजसारख्या गार पाण्यातही जगतो म्हणे. तोही आइसफिशसारखाच का?

उलट्या टोकाचा. गोल्डफिश आणि त्याचा जवळचा नातेवाईक क्रुशियन कार्प यांच्या मुलखात हिवाळ्यात तळ्यावर बर्फाचं झाकण बसतं आणि खाली ऑक्सिजन संपतो. त्यामुळे त्यांच्या हिमोग्लोबिनची पकड फार घट्ट, पाण्यातला शेवटचा कणही ओरबाडून घेणारी. तोही संपला की ते ऑक्सिजनशिवाय जगतात आणि तयार होणाऱ्या लॅक्टिक आम्लाचं अल्कोहोल करून कल्ल्यांतून बाहेर सोडतात. होय, दारूच. हे सांगितलं की वर्गात पुढची पाच मिनिटं कुणी ऐकत नाही.

आइसफिशला भरलेलं गार पाणी मिळालं, यांना रिकामं. थंडी तीच, प्रश्न वेगळा.

१४. पीयूसीच्या पेपरात ‘सर्व पृष्ठवंशी प्राण्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असते’ आलं तर बरोबर लिहू की चूक?

पुस्तकात जे असेल ते लिहा, मार्क महत्त्वाचे. मनात ‘बहुतेक’ हा शब्द घाला. आणि जाता जाता आणखी एक अपवाद : समुद्री वामीसारख्या ईल माशांची पिल्लं चपटी, काचेसारखी पारदर्शक असतात. त्या अवस्थेत त्यांच्यातही तांबड्या पेशी नसतात. मोठी होताना येतात. म्हणून प्रश्न २ मध्ये ‘वाढ झालेल्या’ हा शब्द मुद्दाम घातलाय.

१५. अंटार्क्टिकाच्या बाहेर एकही आइसफिश नाही का?

एक आहे, चॅम्पसोसेफॅलस एसॉक्स. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडं, पॅटागोनियाच्या समुद्रात. तिथलं पाणी गार, पण बर्फाचं नाही. त्यानं गोठणरोधक प्रथिन गमावलं, गरजच उरली नाही. हिमोग्लोबिन मात्र परत आलं नाही. मोडलेलं जनुक हवं तेव्हा जोडता येत नाही. हृदयातलं मायोग्लोबिन नसलेल्या सहा जातींतही हा आहे. याच्याइतका कोड्यात टाकणारा आइसफिश दुसरा नाही.

१६. समुद्र तापतोय, मग यांचं काय होणार?

पाणी तापलं की ऑक्सिजन कमी विरघळतो आणि शरीराची मागणी वाढते. दोन्ही बाजूंनी कोंडी. प्रयोगांत आइसफिश तांबड्या रक्ताच्या भाऊबंदांपेक्षा कमी तापमानालाच हार मानतात. आज मात्र ते दुर्मीळ नाहीत. २०२१ मध्ये जर्मनीच्या ‘पोलरस्टर्न’ जहाजाला वेडेल समुद्राच्या तळाशी प्रश्न ६ मधल्या त्याच सोळाव्या जातीची घरटी सापडली. २४० चौरस किलोमीटरवर अंदाजे सहा कोटी. बहुतेक घरट्यांवर एकेक मासा राखणीला बसलेला.

१७. यात पुढं काम करायचं असेल तर कुठं जावं लागेल?

जीवरसायनशास्त्र किंवा सागरी जीवशास्त्र धरा. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आपल्या शेजारी गोव्यात, वास्कोला आहे. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमांचं काम तिथूनच चालतं, मैत्री आणि भारती ही अंटार्क्टिकातली आपली संशोधन केंद्रं. सकाळी बेळगावातून चोर्ला घाटानं निघालात तर जेवायला वास्कोत.

१८. खायला कसा लागतो? (मासळी बाजारातल्या मावशी)

मी खाल्लेला नाही, मावशी. साउथ जॉर्जियाच्या आसपास मॅकरल आइसफिश नावाची जात पकडतात आणि विकतात, पकड किती करायची यावर आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत. आपल्या बाजारात तो येत नाही.

हे सांगितल्यावर त्यांनी हातातला बांगडा उचलला, अंगठ्यानं कल्ला उघडून लाल रंग मला दाखवला आणि म्हणाल्या, “मग त्या तुमच्या माशाचं ताजं-शिळं कशावरनं बघायचं ओ?”

डोळ्यावरून, म्हटलं.